व्हिडिओचं कव्हर काळं, आडवं नाहीतर जुनंच दिसतंय? कुठं काय तपासायचं

“व्हिडिओ टाकलाय, दाबला की झकास चालतोय, पण पानावर नुसता काळा चौकोन दिसतोय.” कोल्हापुरात मी ज्यांच्या वेबसाईट सांभाळते, त्यांच्याकडून हा निरोप ठरलेला. कधी तालमीकडून, कधी गुऱ्हाळवाल्यांकडून, कधी चपला घडवणाऱ्या घरातून. दुरुस्त करून द्यावं, तर पुढच्या व्हिडिओला पुन्हा तेच. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

कव्हर म्हणजे व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी दिसणारं चित्र. ते व्हिडिओचाच एक तुकडा असतं, अशी बहुतेकांची समजूत असते आणि निम्मा घोळ तिथंच होतो. कव्हर हे सुटं चित्र असतं. त्याची फाईल वेगळी, ती कुठं नोंदवायची ती जागाही वेगळी. वेबसाईटच्या प्लेअरला एक चित्र लागतं, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की दुसरं, यूट्यूबवर तिसरं. एका ठिकाणी बदललं म्हणून दुसऱ्या ठिकाणी ते आपोआप बदलत नाही. त्यामुळं तक्रार आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो: बिघडलेलं नेमकं कुठं दिसतंय? पानावर, फोनवर, की पाठवलेल्या लिंकवर? त्याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

काळा चौकोन

वेबसाईटवर थेट एमपी४ फाईल ठेवली असेल आणि पोस्टर (प्लेअरमधल्या कव्हरचं तांत्रिक नाव) दिलं नसेल, तर ब्राउझर व्हिडिओची पहिली फ्रेम, म्हणजे पहिलं स्थिर चित्र, दाखवायचा प्रयत्न करतो. आता आपल्याकडचे बहुतेक व्हिडिओ काळ्यातून हळूहळू उजळत सुरू होतात, म्हणजे पहिली फ्रेम काळीच. ब्राउझरनं त्याचं काम बरोबर केलेलं असतं. आयफोनवर तर त्याहून पुढची गत: सफारी बऱ्याचदा दाबल्याशिवाय काहीच दाखवत नाही. म्हणून “माझ्या कॉम्प्युटरवर दिसतंय, सरांच्या फोनवर दिसत नाही” हा वाद होतो. दोघंही खरं बोलत असतात.

उपाय सरळ आहे. व्हिडिओच्या टॅगला पोस्टर हा गुणधर्म द्या आणि त्यात चित्राचा पत्ता लिहा. वर्डप्रेसवर असाल तर व्हिडिओ ब्लॉक निवडल्यावर उजवीकडच्या पट्टीत पोस्टर इमेजची जागा असते, तिथं चित्र लावा. वर्डप्रेस एमपी४ मधून स्वतःहून फ्रेम काढून देत नाही, त्यामुळं ती वाट बघत बसू नका. अगदीच घाई असेल तर व्हिडिओच्या पत्त्याच्या शेवटी हॅश देऊन ‘टी = ०.१’ असं (इंग्रजीत, मोकळी जागा न सोडता: #t=0.1) जोडतात आणि प्रीलोड, म्हणजे दाबायच्या आधी किती उतरवायचं ते सांगणारा गुणधर्म, ‘मेटाडेटा’वर ठेवतात, मग आयफोनही सुरुवातीची एखादी फ्रेम दाखवतो. पण ती फ्रेम तुम्ही निवडलेली नसते. मला हा उपाय तात्पुरताच वाटतो.

पोस्टर दिलंय, तरी दिसत नाही

इथं गुन्हेगार बहुतेक वेळा फाईलचं नाव. तुमच्या विंडोजच्या मशीनला इंग्रजीची मोठी लिपी आणि छोटी लिपी (कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं) एकच वाटते. सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतो, त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. कॅमेऱ्यानं शेवटी मोठ्या लिपीत ‘जेपीजी’ लावलेलं असतं, आपण पानात छोट्या लिपीत लिहितो आणि चित्र सापडत नाही. नावात मोकळी जागा, कंस, देवनागरी अक्षरं असली तरी पत्ता लिहिताना, कॉपी करताना तो कुठंतरी मोडतोच. नाव छोट्या इंग्रजी लिपीत, आडव्या रेघेनं जोडलेलं ठेवा. चित्राचा पत्ता ब्राउझरच्या वेगळ्या टॅबमध्ये उघडून बघा. तिथं चित्र आलं नाही तर प्लेअरमध्ये ते कुठून येणार?

दुसरी शक्यता, आयफोनवरचा फोटो तसाच चढवलेला असतो. तो एचईआयसी स्वरूपात असतो आणि क्रोमला ते उघडता येत नाही. जेपीजी किंवा वेबपी करून घ्या. तिसरी, पान एचटीटीपीएसवर आणि चित्राचा पत्ता जुन्या एचटीटीपीचा. पत्ता बदला, झालं.

आपल्याकडं हमखास होणारं आणखी एक सांगते. संस्थेचं डिझाईन फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेलं असतं. कोरल ड्रॉमध्ये छपाईसाठी बनवलेलं, म्हणजे सीएमवायके रंगांत. तीच जेपीजी वेबसाईटवर लावली की रंग एकतर भडकतात नाहीतर मातकट होतात. त्यांना सांगा, एक्सपोर्ट करताना आरजीबी, म्हणजे पडद्याचे रंग, निवडून द्या. आणि ३०० डीपीआयचा (छपाईत इंचाला किती ठिपके, त्याचा) आग्रह इथं सोडून द्या. पडद्याला पिक्सेल किती आहेत तेवढंच कळतं.

कुठली फ्रेम घ्यायची

तांत्रिक दुरुस्ती झाली तरी कव्हर पडेल दिसतं, ते बहुतेक इथं चुकल्यामुळं.

गुऱ्हाळाचा व्हिडिओ घ्या. बरंचसं चित्रीकरण चुलवाणापाशी (मोठ्या चुलीपाशी), काहिलीत म्हणजे मोठ्या कढईत रस उकळत असताना झालेलं असतं. हलत्या चित्रात ती वाफ छान वाटते. पण एक फ्रेम थांबवून बघा: पांढरं धुकं आणि त्यात गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचा, अर्धा हात. कव्हरचा क्षण पुढं येतो, काहील उतरवून पाक वाफ्यात (गूळ निववायच्या पसरट जागेत) ओततात तेव्हा. तिथंही ओतायला सुरुवात होते ती फ्रेम नको, कारण धार वेगात असते आणि फिसकटलेली दिसते. पाक वाफ्याच्या कडेपर्यंत पसरतो, तांबूस-सोनेरी रंग एकसंध होतो, माणूस क्षणभर थांबून त्याच्याकडं बघतो, तिथं थांबा. ज्यानं कधी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही, त्यालाही ते चित्र बघून हे गुळाचं काम आहे हे कळतं.

कुस्तीचंही तसंच. प्रत्येकाला पैलवान हवेत उचललेला क्षण कव्हरवर हवा असतो. साध्या कॅमेऱ्यात सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि शटर १/५० सेकंदाच्या आसपास असतं. एवढ्या वेळात हात-पाय बरंच अंतर कापतात, त्यामुळं त्या फ्रेममध्ये पाय पुसट, चेहरा पुसट, माती उडालेली. त्यापेक्षा खडाखडीतली, म्हणजे डाव टाकायच्या आधी एकमेकांचा अंदाज घेतानाची, फ्रेम घ्या. मानेवर हात, डोक्याला डोकं, दोघांचे चेहरे कॅमेऱ्याच्या बाजूला, क्षणभर सगळं स्थिर. दांडपट्ट्याला हाच नियम: पट्टा फिरताना घेऊ नका, पवित्रा घेतल्यावर घ्या.

फ्रेम आपोआप निवडणारी साधनं आहेत आणि वाईट नाहीत. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या व्हिडिओच्या साधनात ‘थंबनेल’ नावाचा फिल्टर आहे. तो मूळ सेटिंगला शंभर-शंभर फ्रेमचा गठ्ठा घेतो, त्यांच्या रंगांची सरासरी काढतो आणि सरासरीच्या सगळ्यांत जवळची फ्रेम देतो. बैठकीच्या, भाषणाच्या व्हिडिओला एवढं पुरतं. पण जोतिबाच्या चैत्र यात्रेची क्लिप त्याला द्या. बहुतेक फ्रेम गुलालानं भरलेल्या, म्हणजे सरासरी गुलाबी धूर, आणि तोच कव्हर म्हणून हातात येतो. सासनकाठी गुलालातून वर निघून आकाशासमोर येते तो क्षण सरासरीत बसतच नाही, कारण तो दुर्मीळ असतो. नेमका तोच आपल्याला हवा असतो. म्हणून महत्त्वाच्या व्हिडिओची फ्रेम माणसानंच निवडावी, असं माझं ठाम मत आहे.

निवडायला महागडं काही लागत नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये हव्या त्या जागेच्या थोडं आधी थांबा आणि ‘ई’ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढं जा. मनासारखी फ्रेम आली की विंडोजवर शिफ्ट धरून ‘एस’ दाबा. पूर्ण आकाराचं चित्र तुमच्या पिक्चर्सच्या फोल्डरमध्ये जमा होतं. मोबाईलवर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेऊ नका. त्यात बटणं येतात, बॅटरीची खूण येते आणि आकार फोनच्या पडद्याचा होतो. एफएफएमपेगनं काढायची असेल तर वेळेचा पर्याय इनपुट फाईलच्या आधी लिहा, मोठ्या फाईलवरही झटक्यात काम होतं; फ्रेमची संख्या एक ठेवा आणि जेपीजीचा दर्जा २ वर ठेवा. तिथं आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं.

फ्रेममध्ये हवं ते मिळतच नसेल, तर चित्रीकरणाच्या वेळीच कव्हरसाठी वेगळा फोटो काढून घ्या. त्यात खोटेपणा काहीच नाही. कोल्हापूरच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर १९२० च्या दशकात आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे; पडद्यावरची फ्रेम उचलून लावत नव्हते. फक्त फोटोत जे दिसतं ते व्हिडिओत असायला हवं, एवढं पाळा.

कव्हरवरची मराठी अक्षरं फुटतात

हा प्रश्न इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर. सर्व्हरवर प्रोग्रॅमनं कव्हर बनवताय, नाव आपोआप टाकताय, आणि चित्रात ‘कुस्ती’मधलं जोडाक्षर सुटून ‘स’चा पाय मोडलेला दिसतो, ‘किरणोत्सव’ची पहिली वेलांटी ‘क’च्या अलीकडं यायची ती पलीकडं जाऊन बसते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. फॉन्ट बदलून बघतात, तरी तेच. कारण दोष फॉन्टचा नसतो. देवनागरीत टाइप केलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो. कोणतं अक्षर कुठं सरकवायचं, कुठली जोडाक्षरं करायची हे ठरवणारा वेगळा टप्पा लागतो. ब्राउझरमध्ये, फोनमध्ये तो असतो. पीएचपीच्या जीडी लायब्ररीनं चित्रावर मजकूर लिहिला तर बऱ्याच सर्व्हरवर तो टप्पा होतच नाही. पायथनच्या पिलोमध्ये ‘राक्म’ ही लायब्ररी जोडलेली असेल तर अक्षरं नीट येतात, नसेल तर फुटतात. इमेजमॅजिकलाही राक्म किंवा पँगोचा आधार लागतो.

सर्व्हरवर काय जोडलंय ते बघायची सोय नसेल तर मी दुसरी वाट सुचवते. कव्हरचं एक साधं वेबपान बनवा: मागं फ्रेम, पुढं मजकूर, आकार हवा तेवढा. पडद्याविना चालणाऱ्या क्रोमनं त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. अक्षरं ब्राउझर जुळवतो, त्यामुळं ती फुटत नाहीत. तिथं पानाची भाषा मराठी असल्याचं जरूर नोंदवा. नोटोसारख्या फॉन्टमध्ये आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ठेवलेले असतात, पण भाषा सांगितली नाही तर हिंदीच्या वळणाचे येतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर याच वळणाचा. कोल्हापूरच्या नावातच ‘ल’ आहे. आपल्या पानावर तो आपल्या वळणाचा दिसावा, एवढी काळजी मला घ्यावीशी वाटते.

फोटोशॉपमध्ये अक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्समध्ये टाइपच्या विभागात जाऊन ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुन्या आवृत्तीत तिथं ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं लिहिलेलं असतं. आधीच टाइप केलेल्या मजकुराला परिच्छेदाच्या पॅनलमधूनही ते लावावं लागतं. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये चिकटवला तर अगम्य चिन्हं येतात. ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांनी वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरांत कन्व्हर्टर अडखळतात.

मजकूर तीन-चार शब्दांच्या वर नको. फॉन्ट जाड घ्या, बारीक फॉन्टची शिरोरेषा छोट्या आकारात पुसली जाते. दोन ओळी असतील तर मध्ये अंतर सोडा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना चिकटले की वाचणाऱ्याचा जीव जातो. लाल किंवा गुलालाच्या रंगातली अक्षरं जेपीजीत कडांना पसरतात, कारण जेपीजी जागा वाचवायला रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं साठवतो. पांढरी अक्षरं आणि त्यामागं गडद पट्टी, हे दिसायला साधं आणि वाचायला पक्कं. यूट्यूबवर उजव्या कोपऱ्यात खाली व्हिडिओची लांबी दिसते, तिथं काही लिहू नका. आणि बऱ्याच प्लेअरमध्ये चालू करायचं बटण बरोबर मध्यभागी असतं, म्हणजे चेहरा मध्यभागी असेल तर तो झाकला जाणार.

आडवं, फिकट, रेघा-रेघांचं

फोन उभा धरून काढलेला व्हिडिओ फाईलमध्ये बहुधा आडवाच साठतो आणि सोबत “फिरवून दाखवा” अशी नोंद असते. कव्हर काढणाऱ्या जुन्या साधनानं ती नोंद वाचली नाही की माणसं आडवी. साधन अद्ययावत करा. नवं एफएफएमपेग स्वतःहून फिरवतं.

कव्हर धुतल्यासारखं फिकट, राखाडी आलं आणि व्हिडिओ आयफोनचा असेल, तर तो एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीचा जास्त पल्ला साठवणारा, असण्याची शक्यता मोठी. २०२० च्या आयफोन १२ पासून फोन मूळ सेटिंगलाच एचडीआर व्हिडिओ घेतात. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगखाली एचडीआर बंद करा. आधीच काढलेल्या व्हिडिओची फ्रेम टोनमॅप करून, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्याला झेपेल एवढा आवळून, घ्यावी लागते. व्हिडिओ एडिटरमधून साध्या रंगांत एक्सपोर्ट करून मग फ्रेम काढणं सगळ्यांत सोपं.

हलणाऱ्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर चित्रीकरण जुन्या हँडीकॅमवरचं, इंटरलेस्ड आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या एकाआड एक ओळी आहेत. त्या ओळी वेगळ्या करून (डीइंटरलेस) फ्रेम काढा.

दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या

चित्राचं आणि प्लेअरचं प्रमाण जुळत नाही, एवढाच अर्थ. आडव्या व्हिडिओला १६:९, म्हणजे १२८० बाय ७२० पिक्सेल. उभ्या रीलला ९:१६. फोटो ४:३ मध्ये असेल तर लावायच्या आधी कापा. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत) ऑब्जेक्ट-फिट ‘कव्हर’ केलं तर पट्ट्या जातात, पण मग व्हिडिओही कडांनी कापला जातो, हे लक्षात ठेवा.

यूट्यूबचा व्हिडिओ लावलाय आणि त्याचंच चित्र उचलून वापरताय? ‘एचक्यूडिफॉल्ट’ नावाचं चित्र ४८० बाय ३६० असतं आणि आडव्या व्हिडिओला त्यात वर-खाली काळ्या पट्ट्या असतातच. ‘मॅक्सरेसडिफॉल्ट’ १२८० बाय ७२० मिळतं, पण कमी दर्जात चढवलेल्या व्हिडिओला ते नसतं. त्याजागी छोटं राखाडी चित्र येतं. पट्ट्यांशिवाय हमखास हवं असेल तर ३२० बाय १८० चं ‘एमक्यूडिफॉल्ट’ आहे, पण मोठ्या जागेत ते धूसर दिसतं. स्वतःचं चित्र लावणं बरं.

व्हॉट्सॲपवर जुनंच चित्र जातंय

सगळ्यांत जास्त चिडचिड इथं होते, कारण कार्यक्रमाची लिंक ग्रुपवर गेलेली असते. व्हॉट्सॲप पोस्टरकडं बघतच नाही. ते पानाच्या डोक्यातला ‘ओजी-इमेज’ (og:image) हा टॅग वाचतं. तो टॅग पानाच्या मूळ एचटीएमएलमध्ये हवा. जावास्क्रिप्टनं नंतर घातलेला त्याला दिसत नाही. चित्राचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहा, अर्धा चालत नाही. आकार १२०० बाय ६३०, वजन ६०० केबीच्या आत. मी ३०० च्या आतच ठेवते, कमी रेंजमध्येही चित्र यावं म्हणून. हे चित्र कधी रुंद दिसतं, कधी मधला चौकोन कापून छोटं दिसतं, म्हणून इथं मुख्य गोष्ट मध्यभागी हवी. प्लेअरच्या पोस्टरमध्ये मध्यभाग मोकळा सोडायचा आणि इथं भरायचा, म्हणूनच दोन्हीकडं एकच फाईल चालवू नका.

टॅग बरोबर असून जुनं चित्र जात असेल तर ते कुठंतरी साठून राहिलंय. चित्र त्याच नावानं पुन्हा चढवलं की ब्राउझर, सीडीएन (फाईलच्या प्रती साठवून लवकर पोचवणारे सर्व्हर) आणि व्हॉट्सॲप, सगळे हातातलं जुनंच देत राहतात. नाव बदला: शेवटी ‘व्ही२’ जोडा, आणि टॅगमध्येही तेच लिहा. फेसबुकसाठी त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पुन्हा वाचायला लावता येतं. व्हॉट्सॲपमध्ये पाठवणाऱ्याचा फोनच ते चित्र आणतो, त्यामुळं त्या फोननं जुनं धरून ठेवलं असेल तर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन काहीतरी जोडा आणि मग पाठवा. आधी गेलेल्या निरोपातलं चित्र बदलत नाही. तो निरोप काढून पुन्हा पाठवणं एवढाच मार्ग.

ब्राउझरमध्येच फ्रेम पकडताना

हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. कॅनव्हासवर फ्रेम उतरवून कव्हर बनवताना ते रिकामं किंवा काळं येत असेल, तर वेळ बदलल्या बदलल्या चित्र घेतलं जातंय. ‘सीक्ड’ ही घटना येईपर्यंत थांबा. सुरक्षेची चूक येत असेल तर व्हिडिओ दुसऱ्या डोमेनवर आहे. त्या सर्व्हरनं परवानगीचा हेडर दिला पाहिजे आणि टॅगवर क्रॉसओरिजिन लिहिलं पाहिजे, दोन्ही.

पान जड झालं असेल तर प्रत्येक व्हिडिओला पोस्टर द्या आणि प्रीलोड ‘नन’ करा. व्हिडिओची एकही बाइट दाबल्याशिवाय उतरत नाही आणि पान तरीही भरलेलं दिसतं. पण मग पोस्टरच हलकं हवं. वेबपीमध्ये १०० केबीच्या आसपास पुरतं. सगळ्यांत वरच्या व्हिडिओचं पोस्टर आधी उतरवायला सांगा, कारण पान किती लवकर उघडलं हे मोजताना क्रोम तेही चित्र धरतो.

जुन्या व्हिडिओंचा ढीग असेल तर एक तक्ता करा: फाईलचं नाव, हव्या त्या फ्रेमची वेळ, कव्हरवरचा मजकूर. वेळेचा रकाना त्या विषयातल्या माणसाकडून भरून घ्या. कुस्तीला वस्तादांकडून, गुळाला गुळव्याकडून. कुठं थांबायचं ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पुढचं सगळं त्या तक्त्यावरून स्क्रिप्ट करून टाकते.